विरजण

हॅनोव्हरला पीएच.डी. करत असताना मी एक जुनीपुराणी गाडी घेतली होती. एका हिवाळ्यात तिची बॅटरी वारंवार उतरायला लागली. गॅरेजवाल्याने निकाल दिला, "आल्टरनेटर गेला, बदला." किंमत ऐकून डोळ्यांसमोर महिन्याची स्कॉलरशिप तरळली. म्हटलं, आधी मोजून तर बघू!

इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावला. 12.3 व्होल्ट. हवेत साधारण 14. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला आणि काटा एकदम 14.2 वर! पाय काढला तरी तिथेच. मेलेला आल्टरनेटर असं करत नाही. मग लक्षात आलं, किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नव्हता. आणि मी मात्र दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून निर्धास्त होतो!

मंडळी, जुन्या गाड्यांत तो बल्ब नुसता शोभेचा नसतो. आल्टरनेटरमध्ये विद्युतचुंबक फिरतो आणि त्यातून वीज तयार होते. पण त्या चुंबकालाच आधी थोडी वीज लागते, ती या बल्बमधून येते. बल्ब उडाला की भिस्त फक्त लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर. ते पुरतं, पण इंजिन जोरात फिरलं तरच. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या माझ्या गाडीला ते कुठून जमणार?

गंमत म्हणजे या उरलेल्या चुंबकत्वाचं मोल ओळखणारा माणूस इथलाच. हॅनोव्हरजवळच्या लेन्थे गावात 13 डिसेंबर 1816 ला एका खंडकरी शेतकऱ्याच्या घरी वेर्नर सीमेन्स जन्मला. तोवरची बहुतेक वीजयंत्रं कायमच्या चुंबकांवर चालत, म्हणून दुबळी. 1866 मध्ये बर्लिनला सीमेन्सने यंत्राची वीज त्याच्याच विद्युतचुंबकाला पाजली. सुरुवातीला उरलेलं चुंबकत्व पुरे. विरजणाच्या थेंबाने पातेलंभर दही लागावं तसं! इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनाही त्याच सुमारास हेच सुचलं. सीमेन्स आणि व्हीटस्टन यांचे निबंध तर लंडनच्या रॉयल सोसायटीत एकाच दिवशी वाचले गेले, 14 फेब्रुवारी 1867 ला. हंगेरीच्या येडलिकने त्यांच्याही आधी असं यंत्र केलं होतं, पण जगाला पत्ताच नव्हता.

माझं काम दीड युरोच्या बल्बवर भागलं. त्या रविवारी मुद्दाम लेन्थेला जाऊन आलो. किल्ली फिरवली तेव्हा लाल दिवा लागला, आणि पहिल्यांदाच तो बघून बरं वाटलं.