फरशी म्हणजे आधी अंथरूण

रायगडाच्या रोपवेचे खालचे स्थानक ज्या हिरकणीवाडीत आहे, तिथे पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटते. अशा मुलखात घराच्या जमिनीवर काय घालायचे, हे पावसानेच ठरवले. कोकणातल्या शेतकऱ्याघरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, चोपलेली माती आणि त्यावर शेणाचे सारवण. वर चटई. सतरंजी, जाजम पाहुण्यांपुरतेच, कारण जाड कापड पावसाळ्यात ओलसर राहते आणि त्याला बुरशी धरते. सारवणाचे काम बाईचे, तेही गुडघे टेकून, पुन्हा पुन्हा. पुढे शहाबादी फरशी आली. दमट हवेत तिला पाणी सुटते, तरी लोकांनी ती आपलीशी केली, कारण सारवण सुटले. शहाबाद हे तेव्हा निजामाच्या राज्यातले, आज कर्नाटकातले गाव.

आता नावे पाहा. अरबीत ‘फर्श’ म्हणजे अंथरलेली वस्तू. फारसीतून मराठीत येऊन तिचा दगड झाला. सतरंजी ‘शतरंज’वरून आली, पटासारख्या चौकोनांमुळे.

याच रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. त्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण फरशी, सतरंजी, जाजम हे शब्द मराठीत टिकले, कारण ते रोजच्या वापरातले होते.

मराठी मुसलमानाला अजूनही विचारतात, तुमची भाषा कोणती? विचारणारा ज्या फरशीवर उभा असतो, तिचे नाव फारसीतूनच मराठी झालेले असते.