श्रद्धाग्रंथांचे वाचन : प्रारंभ कोठून करावा?

मराठी ख्रिस्ती वाचनपरंपरेचा उगम फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेज्वित धर्मगुरूंच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आहे. जुनी पुराणे सुटली, आता वाचावे काय, ह्या नवख्रिस्ती बांधवांच्या प्रश्नातून हा ओवीबद्ध ग्रंथ जन्मास आला आणि १६१६ साली गोव्यात राशोल येथे मुद्रित झाला. रविवारी व सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई.

सुकापूर-पनवेल परिसरातील इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना आजीची मराठी कानांनी कळते, डोळ्यांनी मात्र अडते. म्हणून घरीही मोठ्यानेच वाचावे, असे आम्ही सुचवितो. (लिपीची अडचण नवी नव्हे, ख्रिस्तपुराण प्रथम छापले गेले ते रोमन लिपीतच. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली.) ओव्या सुमारे अकरा हजार, दररोज तीस वाचल्यास वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो.

तथापि ती भाषा चारशे वर्षांपूर्वीची. नवशिक्यांनी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आधी हाती घ्यावे व त्यातील टीपा वगळू नयेत. मार्ककृत शुभवर्तमानाचे अध्याय अवघे सोळा आहेत. ईशज्ञानाच्या जाडजूड ग्रंथाने आरंभ करून चौथ्या पानावर थांबलेले उत्साही वाचक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पुढील टप्पा १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा. त्यातील २,८६५ परिच्छेदांना क्रमांक असल्याने बाप्तिस्मा वा विवाह जवळ आलेल्या कुटुंबाने थेट त्या संस्काराच्या प्रकरणापासूनही वाचावयास हरकत नाही.