टांग्याच्या कमानीपासून कापलेल्या स्प्रिंगपर्यंत

सांगलीहून मिरजेला टांग्याने गेलेली माणसे अजून भेटतात. बैलगाडीत हाडे खिळखिळी होत, टांग्यात तेवढा त्रास नसे, असे ती सांगतात. रस्ता तोच आणि चाकेही लाकडीच, मग फरक कशाचा? बैलगाडीचा साटा थेट आखावर बसतो. टांग्यात आख आणि बैठक यांच्यामध्ये लोखंडी कमानी असतात. चाक उसळले की कमान वाकते आणि धक्क्याचा बराच भाग आपल्यात सामावून घेते.

ही युक्ती इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी नीट बसवली. तिच्यामागचा नियम मात्र त्याआधी सव्वाशे वर्षे रॉबर्ट हूकने, १६७८ मध्ये, प्रसिद्ध केला होता. स्प्रिंगवर जेवढा भार, तेवढी तिची लांबी बदलते. हा नियम आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. आम्हांला तो नव्याने शिकावा लागला, तो एका जुन्या झेन मोटारीमुळे.

मारुतीची पहिली ८०० मोटार १९८३ साली आली, तेव्हा तिच्या मागच्या आखाखाली टांग्याच्याच जातीचे पाटे होते. पुढे त्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. १९९३ मध्ये झेन आली. ९९३ घन सेंटीमीटरचे इंजिन, ५० अश्वशक्ती आणि हलके अंग, यांमुळे तरुणांना ती शर्यतीच्या गाडीसारखी वाटे. युरोपात असा प्रकार आधीच रूढ झाला होता. १९६१ ची मिनी कूपर आणि १९७६ ची गोल्फ जीटीआय या त्यातल्या गाजलेल्या गाड्या. (साताऱ्याच्या वाचकांना कूपर म्हटले की नांगर आणि इंजिने करणारे, १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान असलेले धनजीशा कूपर आठवतील. मिनीवाल्या कूपरचा त्यांच्याशी संबंध नाही.)

साताऱ्याच्या आमच्या एका शिक्षकमित्राने तिसऱ्या हाताची झेन घेतली. गाडी वळणावर फार कलते, म्हणून एका गॅरेजात पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी गॅसने कापून घेतली. गाडी खाली बसली आणि रुबाबदार दिसू लागली. पण पसरणीच्या घाटात, पहिल्या पावसात, वाईकडे उतरताना सुकाणू पुरते वळवूनही गाडीचे नाक सरळच कठड्याकडे जाऊ लागले. गाडी थांबली, पण कठड्यापासून वीतभर अंतरावर. मागे त्यांची मुलगी बसली होती.

असे का झाले? वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ होते, असे आमच्यापैकी दोघांना वाटत होते. खरे तर उलट होते. दाबताना प्रत्येक वेटोळे आपला थोडा वाटा देते. सहा वेटोळ्यांची साडेचार झाली, तर तेवढ्याच भाराला स्प्रिंग पाऊणपटच दबते, म्हणजे ती एकतृतीयांशाने कडक होते. शिवाय गॅसच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते, ते वेगळेच.

आता वळण पाहू. माणसांसह गाडी ९०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, दोन चाकांतील अंतर १.३३ मीटर आणि वळणाचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट धरू. ९०० × ०.४ × ०.५ ÷ १.३३, म्हणजे सुमारे १३५ किलोंचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही! गाडी कमी कलली म्हणून भार सरकायचा थांबत नाही. स्प्रिंगा ठरवतात ते एवढेच, की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या. टायरवरचा भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत भार अधिक सरकतो, तिची एकूण पकड घटते. मित्राने पुढची बाजू कडक करून नेमकी पुढची पकड घालवली होती. गोल्फच्या अभियंत्यांनीही गाडी थोडी खाली बसवली, पण तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे कल रोखणारे दांडे दिले, ते याचाच तोल साधण्यासाठी.

सांगलीकडे निराळेच दुखणे उमटले. कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावरच्या रस्त्यांना लांब लाटा येतात. तेथे ही गाडी होडीसारखी पुढेमागे डुलू लागली. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना याचा उलगडा केला होता. उंचवट्यावर पुढची चाके आधी चढतात, मागची उशिरा. मागच्या स्प्रिंगांचे आंदोलन थोडे जलद ठेवले, तर त्या पुढच्यांना गाठतात आणि गाडी सपाट वरखाली होते. येथे पुढची बाजूच जलद झाली होती. त्यातच शॉकअब्सॉर्बर म्हातारे झालेले. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती जिरवण्याचे काम शॉकअब्सॉर्बरमधल्या तेलाचे. गाडीचा कोपरा दाबून सोडला, की तो वर येऊन लगेच स्थिरावला पाहिजे. ही झेन तीनदा हलायची.

सांगलीच्या एका जुन्या मिस्त्रींनी हे सर्व सूत्राविना, कोपरा दाबूनच, ओळखले. मूळ मापाच्या स्प्रिंगा, चार नवे शॉकअब्सॉर्बर, पुढच्या आर्मचे रबरी बुश आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट, एवढेच त्यांनी केले. ‘गाडी पुन्हा कलते हो,’ अशी मित्राची तक्रार अजून आहे. पण पसरणीत आता सुकाणू वळवले की नाकही वळते.

कापलेली एक स्प्रिंग आम्ही मागून घेतली आणि भंगारातून तिच्या जोडीची अखंड स्प्रिंग मिळवली. नववीच्या वर्गात दोन्हींवर आळीपाळीने फळी ठेवून, दोघांनी ती धरून, वर वाळूचे एकच पोते ठेवतो. मुले आधी वेटोळी मोजतात, कोणती किती दबेल ते फळ्यावर लिहितात आणि मग पट्टी लावतात.