गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि खेड्यांतील चांचणी

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरकडच्या एखाद्या प्रौढ शेतकरी स्त्रीस पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसूं लागलें, तर ती कोणास सांगते? बहुधा कोणासच नाहीं. आणि तें दिसेपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश येतो. पूर्वखुणा उमटल्यापासून व्याधि जडेपर्यंत बहुधा दहा-दहा वर्षें लोटतात. त्या अवधींत उपचार सोपा असतो. पण तेव्हां दुखत-खुपत कांहींच नसतें.

१९४३ सालीं पॅपॅनिकोलाऊ व ट्राउट यांनीं अमेरिकेंत काचेवर पेशी पसरून सूक्ष्मदर्शकानें तपासण्याची रीत ग्रंथरूपानें मांडली. संपन्न देशांत तिनें मोठें काम केलें. आपल्या खेड्यांत मात्र तितके जाणकार तपासनीस आणावयाचे कोठून?

या प्रश्नाची मोठी परीक्षा मराठवाड्यांत झाली. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा रुग्णालय व फ्रान्समधील ल्याँची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था यांनीं १९९९ मध्यें तत्कालीन उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत ५२ ग्रामसमूह निवडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची पेशीतपासणी झाली. दुसऱ्यांत गर्भाशयमुखास सौम्य शिरकाम्ल लावून पाहिलें. तिसऱ्यांत रोगकारक पॅपिलोमा विषाणूचा शोध घेतला. चौथ्यास नेहमीचीच सेवा मिळाली. आठ वर्षांत विषाणुचांचणीच्या ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ या रोगानें दगावल्या, चौथ्या गटाच्या ३१,४८८ पैकीं ६४. चांचणी एकदांच झाली होती! अन्य दोन गटांत निश्चित म्हणावी अशी घट आढळली नाहीं. २००९ मध्यें हे आंकडे प्रसिद्ध झाले. चौथ्या गटास तपासणीविना ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें घेतला गेला. त्या ६४ स्त्रियांकडे पाहतां तो सहज झटकून टाकतां येत नाहीं.

उस्मानाबादेंत नमुना आरोग्यसेविका घेत. परंतु विषाणु हुडकावयास गर्भाशयमुख डोळ्यांनीं पाहावें लागत नाहीं. मऊ कुंचली योनिमार्गांत फिरवून स्त्रीनें स्वतः घेतलेला नमुनाही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें या रीतीस मान्यता दिली. संकोचानें दवाखाना टाळणारीस हें काम आपल्या न्हाणीघरांत उरकतां येतें.

विषाणु आढळला म्हणजे कर्करोग झाला असें नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. तरीही अशा स्त्रीची पुढील तपासणी व्हावीच लागते, आणि त्यासाठीं मेहकरच्या बाईस एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याची वाट धरावीच लागेल.