मॅन बेटाचे भुंडे मांजर

शाळेत इतिहास शिकवीत असताना स्पेनच्या आरमाराचा पाठ आला की मी एक गोष्ट हमखास सांगत असे. १५८८ साली इंग्लंडवर चालून आलेले ते आरमार वादळात सापडले. त्यातले एक जहाज आयरिश समुद्रातील मॅन बेटाच्या खडकांवर फुटले आणि त्यावरची बिनशेपटीची मांजरे पोहत किनाऱ्याला लागली. म्हणून त्या बेटावरची मांजरे भुंडी! मुले खूष होत. एकदा मागल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण जहाजावरच्या मांजरांना तरी शेपूट का नव्हते?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्यामागे घरापर्यंत आला.

शोधू लागलो, तो कळले की त्या बेटावर आरमाराचे जहाज फुटल्याचा पुरावाच नाही. दुसरी आख्यायिका थेट प्रलयाला भिडते: मांजर नोहाच्या तारवात उशिरा शिरले आणि मिटत्या दारात त्याचे शेपूट तुटले. पण तुटलेले शेपूट वंशात उतरत नाही. वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून ते दाखवून दिले. तिसरी कथा मांजराची सशाशी सोयरीक जुळवते. ती खोटीच, पण निरीक्षणातून सुचलेली. या मांजराचे मागचे पाय लांब, पाठ कमानदार. पळते तेही सशासारखे उड्या मारीत. शिवाय एकाच वेतात एका पिल्लाला शेपटीच्या जागी नुसता खळगा, दुसऱ्याला आखूड खुंट, तर तिसऱ्याला चांगले लांब शेपूटही असू शकते.

खरे कारण गर्भात आहे. कण्याची घडण ठरविणाऱ्या एका जनुकात बदल झाला. सभोवार समुद्र, मांजरे मोजकी, म्हणून तो बेटावर टिकला आणि पसरला. त्या जनुकातील नेमके बदल २०१३ साली प्रसिद्ध झाले. जपानातील आखूड शेपटीच्या मांजरांतला बदल मात्र निराळ्याच जनुकातला आहे.

मॅनच्या मांजराला या बदलाची किंमत मोजावी लागते. तो आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तर पिल्लाचे शेपूट जाते. दोघांकडून आला तर पिल्लू गर्भातच दगावते. जन्मलेल्यांपैकीही काहींचे मागचे पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही. म्हणूनच जाणते पाळणारे दोन पूर्ण भुंड्या मांजरांची जोडी लावीत नाहीत.

१९७० साली मॅनच्या नाण्यावर हे मांजर झळकले. बेटाला त्याचा अभिमान वाटावा, हे योग्यच. पण माझ्या गोष्टीत जहाज होते, वादळ होते, न जन्मलेले पिल्लू नव्हते. त्या मुलीला मी उत्तर देणे लागत होतो. ते आज दिले, तिच्यापर्यंत पोहोचो.