मारत नाही, मग त्रास कसला? नात्यातला ताबा असा ओळखा

पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे. फोन रोज तपासला जातो. साताऱ्याहून कराडला माहेरी जायचं तरी परवानगी. अंगावर वळ नाही, त्यामुळे ‘काळजीपोटी करतो’ म्हणून विषय संपतो. पण काळजी आहे की ताबा, हे ‘नाही’ म्हटल्यावर कळतं. नकारानंतर अबोला, धमकी किंवा पैसे बंद, असं वारंवार होत असेल तर तो ताबा.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा यालाही हिंसाच मानतो. घरखर्च न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, नोकरी करू न देणं, कुणाला भेटण्यापासून अडवणं हे सगळं त्यात येतं. लिव्ह-इनमधल्या स्त्रियांनाही संरक्षण आहे.

सांगली जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचे हक्क लावून धरले. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या हाती ना घर, ना पैसा. आजही अनेकींचा पाय तिथेच अडतो.

तक्रारीसाठी घर सोडावं लागत नाही, घरात राहण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी १५१००, जिवाला धोका असेल तर ११२. फोन तपासला जात असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून बोला.