प्रशीतक

प्रशीतक : वातानुकूलन यंत्राच्या बंद नळ्यांतून फिरत राहून खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकणारा पदार्थ. बोलण्यात त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात, पण तो काही अंतर द्रव आणि काही अंतर वायू असतो, आणि सारी करामत या अवस्थांतरातच आहे. खोलीतल्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून ओढून घेतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून इतकी तापवतो, की मे महिन्यातल्या नागपूरच्या 45 अंशांच्या हवेतही ती उष्णता टाकू शकते. बाहेरच्या युनिटमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो, बारीक कॅपिलरीतून जाताना दाब उतरतो आणि फेरी नव्याने सुरू होते.

या फेरीत प्रशीतक खर्च होत नाही. ‘दरवर्षी गॅस संपतो’ हे म्हणूनच खरे नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळाला. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा निघून जातो आणि बिल मात्र दोनदा होते.

प्रशीतकांचा इतिहासही मुख्यतः गळतीचाच आहे. जेकब पर्किन्स यांच्या 1834च्या पेटंटातल्या यंत्रात ईथर होते. पुढे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड आले. 1920च्या दशकात अमेरिकेत गळक्या फ्रिजांमुळे माणसे दगावू लागली, तेव्हा थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी 1928 साली आर-12 पुढे आणला; तोच ‘फ्रीऑन’. 1930 साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलींनी तो छातीभर ओढून जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत! घरगुती एसींत पुढे याच कुळातल्या आर-22ने अनेक दशके राज्य केले.

बाहेर पडलेला हा निरुपद्रवी वायू जातो कुठे? मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 साली उत्तर दिले : थेट स्थितांबरात, आणि तिथे त्यातला क्लोरिन ओझोन नष्ट करतो. पुढच्याच वर्षी वीरभद्रन रामनाथन यांनी दाखवले, की हे रेणू उष्णताही अडवतात, तीही कार्बन डायऑक्साइडच्या रेणूच्या हजारो पट. गंमत अशी, की अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर रामनाथन यांची पहिली नोकरी सिकंदराबादच्या एका प्रशीतन कारखान्यात होती आणि काम होते गॅस का गळतो ते शोधण्याचे.

1987च्या माँट्रियल कराराने आर-12सारखे सीएफसी वायू हद्दपार केले. आर-22 सावकाश निघाला; भारतात 2025पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत त्याला बंदी आहे. त्याच्या जागी आलेल्या आर-410एमध्ये क्लोरिन नाही, ओझोनला धोका नाही. पण त्याचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो दोन टन कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो. आर-32चा हा आकडा 675 किलो, तर आर-290चा, म्हणजे प्रोपेनचा, जेमतेम तीन. माँट्रियल करारातल्या 2016च्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 साली मान्यता दिली. त्यानुसार आर-410ए, आर-32 यांसारख्या एचएफसी वायूंचा वापर 2028 साली गोठवून 2047पर्यंत 85 टक्क्यांनी घटवायचा आहे.

नव्या गॅसची अडचण आगीची. आर-32 मंदपणे पेटतो, प्रोपेन चटकन. मुंबईच्या गोदरेजने 2012 सालीच प्रोपेनवरचे एसी बाजारात आणले. स्वयंपाकघरात 14.2 किलोचा सिलिंडर बाळगणाऱ्या घराने एसीतल्या काहीशे ग्रॅमना घाबरावे, हे थोडे विचित्रच. मात्र ब्रेझिंगचा बर्नर हाती घेऊन गळकी नळी जोडणाऱ्या कारागिराची भीती खरी आहे आणि त्याला वेगळे प्रशिक्षण लागतेच.

आर-22च्या यंत्रात आर-410ए भरता येत नाही : दाब दीडपटीहून अधिक असतो आणि कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे लागते. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. आधी नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढून मग तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरायचा असतो. घर बदलताना ‘पम्प डाउन’ करून तो बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून ठेवता येतो. अनेकदा तेवढा वेळ वाचवण्यासाठी नट सैल करून तो गच्चीवरच सोडून दिला जातो.